चौथ्या पानावरचा घास

आप्पासो, माझ्या पानाकडं सारखं बघू नका हो. वहिनींनी आग्रहानं वाटीभर खीर वाढली, दोन वडे वाढले, राहू द्यात तिथंच. मी हात लावणार नाही, आधीच सांगतो. भाकरी आणि गवारीची भाजी एवढी मला बास झाली. तुमच्या घरी भाड्यानं राहतो, आज तुमच्या वडलांचा म्हाळ आहे, पितरांना जेवू घालायचा दिवस, नाही म्हणणं वाईट दिसतं, कळतं मला. आणि पितर म्हणून पाटावर बसायला तर मी कुणाच्याच घरी बसणार नाही. आटपाडीत नाही, साताऱ्यात नाही, खुद्द इंद्राच्या घरी नाही.

साखर? छे हो, सव्विसाव्या वर्षी कसली साखर! किळस आहे. हसू नका. ते दार लोटून घ्या, माशा येतायत, आणि ऐका. सांगितल्याशिवाय तुम्ही ती वाटी पुढं सरकवायचं थांबणार नाही.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जून महिन्यात रेक्टरनी बोलावून सांगितलं, "सयाजी, मिरज स्टेशनवर जा. मॉरिशसचा एक विद्यार्थी येतोय, तुझ्या खोलीत राहील." मला वाटलं, कुणी टोपीवाला साहेब उतरेल. उतरला कोण, तर आपल्यासारखाच काळासावळा, हडकुळा पोरगा. हातात पत्र्याची ट्रंक, आणि चक्क मराठी बोलतोय! पणजा कोकणातनं जहाजात बसून तिकडं उसाच्या मळ्यात कामाला गेला म्हणे. पणज्याचं नाव बाबाजी, तेच तिकडच्या साहेबानं यांचं आडनाव करून टाकलं. अनंत बाबाजी. मिशी फुटायच्या आत बाबाजी झाला म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी टर उडवली. तो पण हसला. लय गुणी पोरगं.

पण रुळेना. बादलीतल्या पाण्यानं अंघोळ, रांगेतला संडास, डास, सगळं हळूहळू शिकला. रविवारी गावात जाऊन गणपतीला नमस्कार करायचा आणि कृष्णेच्या पुलावर तासभर पाणी बघत उभा राहायचा. "समुद्र नाय इथं," एवढंच म्हणायचा. खरं घोडं अडलं जेवणावर. दुष्काळ नुकता सरलेला, मेसमध्ये मिलोची, म्हणजे त्या अमेरिकेतनं आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि तिखटजाळ आमटी. आणि हा महाचिकित्सक! ताट दोनदा धुणार, भातातला खडा न् खडा निवडणार, पाणी गाळून पिणार. एकदा पेरूत अळी निघाली तर दोन दिवस उपाशी राहिला. मी चिडवायचो, "अरे, ती पण पेरूच खाऊन वाढलीय रं!" की हा तोंडाला रुमाल लावून बाहेर पळायचा. केळी आणि ब्रेडवर तीन महिने काढले त्यानं.

एकदा दुपारी कॉटवर पडल्या पडल्या म्हणाला, "सयाजी, मला एकदा कुणाच्या तरी घरी जेवायचंय. मेसमध्ये नाय. घरात, पाटावर."

मला वाईट वाटलं. मी घरी पत्र टाकलं की माझा एक मित्र समुद्रापलीकडून आलाय, त्याला एकदा घेऊन येतो. आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. आई माझ्या लहानपणीच गेली. घरी वडील लालासाहेब, मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेले, आणि माझी विधवा आत्या राहीबाई, तिनंच मला वाढवलं. वडलांनी जन्मात मला कधी पत्र लिहिलं नव्हतं. या खेपेला चौथ्या दिवशी कार्ड आलं. 'पाव्हण्यास सर्वपित्रीस घेऊन येणे. चुकू नये.' अनंतनं ते कार्ड उशाखाली ठेवलं. खुळा आनंद झाला होता त्याला.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं एक जिवंत माणूस पितर म्हणून बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पोटभर वाढायचं. जेवण झालं की घरच्यानं विचारायचं, तृप्त झालासा का? त्यानं झालो म्हणायचं, पानात एक घास ठेवायचा आणि उठायचं. तो घास घरच्यानं खायचा. मग ते पान उठलं. तुमच्याकडं दोन पानं वाढता, आमच्याकडं चार. आणि चौथ्या पानावर गावातलं कुणी बसत नाही.

ते पान हंबीररावांचं. वडलांचे चुलते. पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याच्या पलीकडं गेले आणि तिथं वेढ्यात सापडले. चार-पाच महिने वेढा. दाणागोटा संपला, तेव्हा साहेबानं घोडी मारून शिजवायला लावली. ज्यांनी खाल्लं त्यातले काही जगले. हंबीररावांनी तोंडाला लावलं नाही. उपाशी मेले. बरोबरचा एक शिपाई परत आला, त्यानं हे सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडं त्यांचं पान वाढतात आणि ते पान कावळा शिवत नाही. बाकी तिन्ही पानांचं कौलांवर ठेवलेलं अन्न क्षणात उचलतो, चौथ्याकडं बघतसुद्धा नाही. संध्याकाळी वडील ते पान तसंच नदीत सोडून येत. मला हे सगळं माहीत होतं, आप्पासो. पण मी शिकलेला ना! म्हटलं, काय हे म्हाताऱ्याकोताऱ्यांचं खूळ.

अमावास्येला आम्ही यष्टीनं अकराच्या सुमाराला पोचलो. सोप्यात चार पाट मांडलेले. तीन पाटांवर भावकीतले लोक बसले. वडील अनंतला म्हणाले, "पाव्हणं, तुमी हितं बसा." चौथा पाट. मी वडलांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, चला, एक पान वाया जायचं वाचलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. वडलांनी अनंतचे पाय स्वतः धुतले, पुसले, कपाळाला गंध लावलं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं हो. मला हळूच म्हणाला, "असं माझं कोणी कधी केलं नाय, सयाजी."

पहिले दोन-चार घास त्यानं नेहमीसारखे खाल्ले, बोटांच्या टोकांनी, वडा उलटून-पालटून बघत. मग थांबला. मान खाली घातली. आणि मग दोन्ही हातांनी खायला लागला.

वडील वाढतायत आणि हा खातोय. वीस वडे. तीस. खीर ओंजळीनं. खिरीत माशी पडली, मी "अरे..." म्हणेपर्यंत त्यानं ती खिरीबरोबर ओढून घेतली. मला वाटलं आता ओकेल. तर जीभ काढून ओठ चाटले. हनुवटीवरनं खीर गळत होती, ती तळहातानं पुसून परत तोंडात. शी! आणि तो आवाज. चिखलातनं पाय ओढावा तसला ओला आवाज सोपाभर. भावकीतले तिघं हात आखडून बसले. शेवटी पान संपलं तर त्यानं पत्रावळ उचलली आणि ती चावायला लागला, काड्यांसकट. हिरड्यांतनं रक्त आलं, तेही गिळलं. वडील हात जोडून उभे होते आणि घोगऱ्या आवाजात म्हणत होते, "खावा काका, खावा..."

बाकी तिघांना वडलांनी रीतीप्रमाणं विचारलं, विडे दिले, त्यांचे घास आम्ही घरच्यांनी खाल्ले, ते उठले. अनंतला विचारलं नाही. खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "चला पाव्हणं, यष्टी चुकंल." कौलांवर कावळ्यांची रांग बसली होती. एकही ओरडत नव्हता.

सांगलीला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये त्यानं अठरा मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाबाजी माणसात आला म्हणून. आठवड्यानं टाळ्या थांबल्या. तो दुसऱ्यांच्या ताटातलं उष्टं ओढून घ्यायला लागला. कच्चं पीठ बकाणे भरून खायचा. माझा अंघोळीचा साबण गेला, मेणबत्त्या गेल्या, चपलेचा पट्टा गेला. आणि अंगाला काही लागत नव्हतं. उलट वाळत चालला, फासळ्या मोजून घ्याव्यात असा. खोलीत एक वास यायला लागला. ओल्या घोड्याचा, घामाचा, लिदीचा. मी खिडक्या उघड्या टाकायचो, फिनेल ओतायचो. वास जायचा नाही.

एकदा भर दुपारी बारा वाजता मी मेसच्या मागं गेलो. तिथं खरकट्याचा हौद होता, डुकरांसाठी तीन-तीन दिवसांचं साठवलेलं. वरती हिरवट साय, त्यात अळ्या वळवळतायत. अनंत कोपरापर्यंत हात बुडवून बसला होता. ओंजळ वर काढली, आत काय आहे ते बघितलं, आणि तोंडाला लावली. अळ्या दाताखाली फुटल्याचं मला ऐकू आलं, आप्पासो. ज्यानं पेरूतल्या एका अळीपायी दोन दिवस उपास काढला, तो हा. भिंतीवर कावळे, गप्प. मी तिथंच ओकलो. आणि लाज वाटते सांगायला, मी ओकलेल्याकडंसुद्धा तो मान वळवून बघत होता. मी पळालो.

तरी मी त्याला डॉक्टरकडं नेलं. दवाखान्याच्या अलीकडं टांग्यांचा अड्डा होता. आम्ही जवळ गेलो आणि टांग्याचं एक घोडं गुडघे टेकून खाली बसलं, थरथरायला लागलं. टांगेवाला शिव्या घालतोय, ओढतोय, ते उठेना. अनंत त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि रडायला लागला. रडत रडत बोलला. त्याचं ते मोडकं कोकणी वळणाचं मराठी नव्हे हो. आमच्या गावचं, माझ्या आज्याच्या वेळचं.

"घोडं न्हाई खानार म्या... आईची आन हाय... घोडं न्हाई खानार..."

डॉक्टर तसाच राहिला; अनंतला खोलीवर सोडून त्याच संध्याकाळी मी गाव गाठलं. वडील ओट्यावर बसले होते. मी ताडताड बोललो, काय केलंत माझ्या मित्राचं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "माजा थोरला भाऊ इसाव्या वर्सी गेला. माती खात खात गेला. लोकास्नी आमी सांगितलं, पटकीनं गेला. पिढीला एक मागतो त्यो. तुला औंदा इसावं लागलं, सयाजी. देवऋषी म्हनला, दर्यापार मेलेल्याला दर्यापारचाच मानूस द्या. आन तुजं पत्र आलं."

"तो पण कुणाचा तरी मुलगा आहे, दादा!"

"व्हय," वडील म्हणाले. "पर माजा न्हाई."

मी आत गेलो. आत्या चुलीपुढं रडत बसली होती. ती म्हणाली, "तुज्या बापानं त्या लेकराला इचारलंच न्हाई बग. तृप्त झालासा का, येवढं इचारलं न्हाई. जेवान सुरूच हाय त्याचं अजून. इचारलं असतं तर त्यानं घास ठिवला असता, आन त्यो घास घरच्याला खावा लागला असता. तुज्या बापाची छाती झाली न्हाई."

"मी खातो, आत्या."

तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. "खाशील? नुस्ता तोंडात धरून भागायचं न्हाई. गिळावा लागतो. गिळला की पान उठलं. म्हातारा सुटला, पोरगं बी सुटलं."

"आणि मला काय होईल?"

"काय हुयाचं न्हाई रं बाळा. पर खानाऱ्याला त्याचा भरवसा वाटत न्हाई."

पहाटे उठून तिनं वडे तळले, खीर केली, डबा बांधून दिला. सकाळच्या यष्टीनं मी सांगलीला आलो. खोलीत पाट मांडला, पत्रावळ मांडली. अनंत कोपऱ्यात भिंतीचा पोपडा चाटत बसला होता. मी त्याचे पाय धुतले. नुसती हाडं. गंध लावलं, वाढलं. सगळा डबा संपेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो, त्या वासानं आणि त्या आवाजानं. मग हात जोडून विचारलं, "तृप्त झालासा का?"

तो खायचा थांबला. किती दिवसांनी थांबला असेल! वर बघितलं. "कोन इचारतंय?"

"तुमच्या भावाचा नातू. सयाजी."

त्यानं बोटं चाटून पुसली. मग म्हणाला, "झालो." पण पानात तर काही उरलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, दोन बोटं घशापर्यंत घातली आणि चघळलेला एक घास बाहेर काढला. पत्रावळीच्या कडेला ठेवला. राखाडी, बुळबुळीत, अजून गरम. त्यातनं एक केस लोंबत होता. जाड, काळा, वीतभर लांब. आप्पासो, माणसाचा केस तसला नसतो.

मी तो उचलला. डोळे मिटले, तोंडात टाकला. गुळचट, आंबूस, आणि खाली कुजक्या चामड्याची चव. केस जिभेवर आडवा पडला, त्याचं टोक घशाला लागलं. मी गिळायला गेलो आणि घसा मिटला. पुन्हा गेलो, पुन्हा मिटला. समोर माझा मित्र बसलेला, आणि क्षणभर डोळे त्याचेच होते, अनंतचे, वाट बघणारे. नरडीला चिमटा काढून गिळायला हवं होतं. एक घास हो! एवढ्यानं सुटत होता तो. माझ्यानं झालं नाही. मी तो घास गालात दाबला.

"गिळलं का?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. गिळलं म्हणून.

तो हसला. "बरं झालं," असं त्याच्या स्वतःच्या बोलण्यात म्हणाला आणि तिथंच पाटावर आडवा होऊन झोपला. मी मागच्या बाजूला धावत जाऊन थुंकलो. मिठानं, राखेनं, कडुलिंबानं तोंड धुतलं. त्या घासाला मुंगीसुद्धा लागली नाही. चार दिवस तो तसाच पडून होता, ओलाच.

अनंत उठला तो शुद्धीवर येऊन. खरकटं थांबलं, वास गेला. मी स्वतःला म्हटलं, बघ, सगळं मनाचं खूळ होतं, गिळायची गरजच नव्हती. अशक्त फार झाला होता म्हणून घरच्यांनी तिकीट पाठवलं, दिवाळीच्या आधी तो परत गेला. मिरजेला गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाला, "तुझ्या घरचं जेवण मी विसरणार नाय." त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात त्याचं पत्र आलं, चार ओळींचं. 'मी बरा आहे. आता भूक लागत नाही. अजिबातच लागत नाही.' फेब्रुवारीत त्याच्या बहिणीचं आलं, पद्माचं. अनंत गेला. शेवटचे दीड महिने त्यानं अन्नाला शिवलं नव्हतं. आई घास घेऊन बसायची, तर हा तोंड फिरवायचा. पुढं तिनं लिहिलं होतं, 'तुम्ही त्याचे मित्र, म्हणून विचारते. सयाजीनं खाल्लं की मग मी खाईन, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. तुम्ही काय खायचं राहिलं होतं?'

उत्तर मी लिहिलंच नाही. माझ्या एका मान हलवण्यानं पोरगं उपाशी मेलं. वडलांनी त्याला पाटावर बसवलं हे खरं, पण उठवणं माझ्या हातात होतं. पुढच्या सर्वपित्रीला हंबीररावांचं पान कावळ्यानं झटक्यात शिवलं. काका सुटले म्हणून वडील आनंदानं रडले; त्यांच्या जागी उपाशी कोण बसलं, ते मलाच ठाऊक. मी त्या दिवशी घर सोडलं, ते आजतागायत गेलो नाही. तेव्हापासून खीर दिसली की तो केस जिभेवर येतो. म्हणून म्हटलं, राहू द्यात तिथंच, मी हात...

काय झालं? असं का बघताय?

कुठं? ...नाही हो. मी नाही. हा बघा माझा हात, भाकरीचं पीठ तेवढं बोटांना, बाकी कोरडा आहे. वाटी भरलेली होती, वहिनींना विचारा. दोन वडे होते. दार तुम्हीच लोटलंत, कुत्रं-मांजर आत आलं नाही... वाटी आतनं चाटल्यासारखी लखलखतेय.

थांबा आप्पासो. उचलू नका पान. कडेला बघा, तिथं, मिठाच्या शेजारी. एक घास ठेवलाय.

नाही, तुम्ही हात लावू नका. तो माझ्यासाठी आहे.